इंग्लंडातील फुटबॉल-संघांची बढती-परीक्षा

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर वेअर नदी जेथे समुद्रास मिळते तेथे संडरलंड नावाचे शहर आहे. जहाजे बांधणे व खाणीतून कोळसा काढणे ह्या दोन धंद्यांवर ते एके काळी उभे होते. पुढे दोन्ही धंदे बसले. जहाजे बांधणारा शेवटचा कारखाना १९८८ साली बंद झाला, आणि मंकवेअरमथ येथील कोळशाची खाण १९९३ साली. त्या खाणीच्याच जागेवर १९९७ साली एक विशाल क्रीडांगण उभे राहिले. त्यात सुमारे ४९ हजार माणसे बसतात. त्याचे नाव 'स्टेडियम ऑफ लाइट', म्हणजे प्रकाशाचे क्रीडांगण, असे ठेविले असून बाहेर खाणकामगाराच्या दिव्याची एक मोठी प्रतिकृती उभी केली आहे. ज्या गावाचा उद्योग गेला त्या गावास आपले म्हणावयास काय उरले, हे त्या एका दिव्यावरून समजते.

ह्या गावच्या फुटबॉल-क्लबाची स्थापना १८७९ साली जेम्स अॅलन नामक एका स्कॉटिश शाळामास्तराने केली. प्रथम तो केवळ शिक्षकांचाच क्लब होता व त्याच्या नावातही शिक्षक-मंडळाचा उल्लेख असे. वर्षभरातच इतरांस त्यात प्रवेश मिळू लागला. आम्हां शिक्षकवर्गास ही हकीकत सांगताना किंचित अभिमान वाटला, तर पालकांनी तो गोड करून घ्यावा. पुढे ह्या क्लबाने इंग्लंडचे अजिंक्यपद सहा वेळा मिळविले. त्यांपैकी शेवटचे १९३६ सालचे होय. पुढे पुष्कळ वर्षे ह्या क्लबाच्या अभिमानी मंडळींचे आयुष्य मुख्यतः एका प्रश्नात गेले आहे: यंदा आपला संघ वर चढणार की नाही? हिवाळा सरून वसंत ऋतू लागला की घरोघरी, कामावर, आगगाडीत व खानावळीत हीच चर्चा चालते. ती चर्चा नेमकी कशाची असते, तिच्यात गणित किती, न्याय-अन्याय किती व नुसती आशा किती, हे समजून घेण्यासारखे आहे. आमच्या शाळेतील पुष्कळ मुले इंग्लंडातील सामन्यांचे निकाल तोंडपाठ म्हणतात, परंतु त्यामागील रचना थोड्यांसच ठाऊक असते. म्हणून हा लेख.

इंग्लंडातील फुटबॉल लीग १८८८ साली १२ क्लबांनी सुरू झाली. १८९२ साली तिला दुसरा वर्ग जोडण्यात आला. येथपासून शाळेची उपमा लागू पडते, कारण फुटबॉलच्याही इयत्ता झाल्या. फरक एवढाच की शाळेत नापास झालेला मुलगा त्याच इयत्तेत राहतो. लीगमध्ये मात्र शेवटल्या क्रमांकांचे संघ खालच्या इयत्तेत ढकलले जातात, आणि त्यांच्या जागी खालचे हुशार संघ वर येतात. २०२४-२५ च्या हंगामात सर्वांत वर प्रीमियर लीग होती व तीत २० संघ होते. तिच्या खाली चॅम्पियनशिप, लीग वन व लीग टू असे प्रत्येकी २४ संघांचे तीन वर्ग होते. चॅम्पियनशिपमधील प्रत्येक संघ ऑगस्टपासून मेपर्यंत ४६ सामने खेळे. विजयास तीन गुण व बरोबरीस एक. पहिले दोन संघ आपोआप वर जात. तिसऱ्या जागेसाठी मात्र तिसरा, चवथा, पाचवा व सहावा अशा चार संघांमध्ये पुन्हा झुंज लागे. ह्या झुंजीसच प्ले-ऑफ म्हणतात.

ही कल्पना नवी नाही. १८९३ पासून १८९८ पर्यंत वरच्या वर्गातील शेवटचे व खालच्या वर्गातील पहिले संघ ह्यांच्यामध्ये कसोटी-सामने होत असत. ते कसे बंद पडले ती गोष्ट मौजेची आहे. १८९८ साली स्टोक व बर्नली हे दोन संघ शेवटल्या सामन्यास उतरले, तेव्हा बरोबरी झाली तर दोघांचेही काम भागणार होते. मग गोल करण्याची तसदी कोणी कशास घ्यावी? चेंडू इकडून तिकडे हिंडत राहिला व सामना शून्य-शून्य सुटला. प्रेक्षक इतके चिडले की चेंडू आपल्याकडे आला म्हणजे ते तो परत देईनात. ह्या लाजिरवाण्या प्रकारानंतर लीगने वरच्या वर्गातील जागा वाढविल्या, कसोटी-सामने रद्द केले, आणि पुढे गुणांच्या क्रमानेच चढ-उतार ठरू लागला. नियम करणाऱ्याने माणसाचा स्वभाव विसरून चालत नाही, हे ह्यावरून कळते.

जवळजवळ नव्वद वर्षे असे चालल्यावर १९८६-८७ च्या हंगामात प्ले-ऑफ पुन्हा आले. त्या दशकात इंग्लंडातील मैदानांवर गर्दी ओसरली होती. आठव्या-दहाव्या क्रमांकावरील संघास फेब्रुवारीनंतर जिंकण्याने लाभ नसे व हरण्याने तोटा नसे. त्याचे सामने पाहण्यास कोण जाणार? शिवाय वरच्या वर्गातील संघांची संख्या कमी करावयाची होती. ह्या दोन्ही गोष्टी प्ले-ऑफने साधल्या. पहिली दोन वर्षे वरच्या वर्गातील एका संघासही ह्या परीक्षेस बसावे लागे. प्रयोग लोकांस आवडला व कायम झाला.

संडरलंडला मात्र ह्या प्रयोगाची पहिली ओळख फार कडू झाली. १९८७ साली तो दुसऱ्या वर्गातील खालच्या क्रमांकांत सापडला होता. आपली जागा राखण्यासाठी त्यास तिसऱ्या वर्गातील जिलिंगहॅम ह्या लहानशा क्लबाशी दोन सामने खेळावे लागले. दोन्ही मिळून गोल सहा-सहा असे समसमान झाले; परंतु परक्या मैदानावरील गोलांस अधिक किंमत देण्याचा नियम त्या वेळी असल्यामुळे जिलिंगहॅमची सरशी झाली. सहा वेळच्या अजिंक्य संघास आपल्या इतिहासात प्रथमच तिसऱ्या वर्गात जाऊन बसावे लागले.

आता ह्या परीक्षेची रीत पाहू. २०२४-२५ च्या हंगामात तिसरा संघ सहाव्याशी व चवथा पाचव्याशी दोन-दोन सामने खेळे, एक घरी व एक परक्याकडे. दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज करून विजयी ठरतो. विजयी झालेले दोन संघ लंडनच्या वेम्बली मैदानावर एकच अंतिम सामना खेळतात. वरच्या क्रमांकाच्या संघास सवलत काय, तर दुसरा सामना त्याच्या घरी होतो, एवढीच. आपल्याकडे आयपीएल क्रिकेटमध्ये २०११ पासून पहिल्या दोन संघांस एक वेळ हरूनही दुसरी संधी मिळते. इंग्लंडातील ह्या परीक्षेत तसले काही नाही. नऊ महिन्यांचा अभ्यास एका बाजूस व तीन दिवसांची परीक्षा दुसऱ्या बाजूस. ह्याच ठिकाणी चाहत्यांच्या वादाचे मूळ आहे.

संडरलंडच्या इतिहासात ह्या वादाच्या दोन्ही बाजूंचे दाखले सापडतात, म्हणून आम्ही उदाहरणास तोच क्लब घेतला आहे. १९९० साली तो सहावा आला असता त्याने तिसऱ्या क्रमांकाच्या न्यूकॅसलचा, म्हणजे शेजारच्याच कट्टर प्रतिस्पर्ध्याचा, उपांत्य फेरीत पराभव केला. अंतिम सामन्यात स्विंडनने संडरलंडला एका गोलाने हरविले. तरीही वर गेला तो संडरलंडच! स्विंडनच्या हिशेबात पैशांचे गैरव्यवहार उघडकीस आल्यामुळे त्याची बढती काढून घेण्यात आली होती. हरून वर जाणे हा चमत्कार फुटबॉलमध्येही विरळाच.

पण खरी कहाणी १९९८ ची. त्या वर्षी संडरलंडने ९० गुण मिळविले व तो तिसरा आला. दुसऱ्या आलेल्या मिडल्सबरोस ९१ गुण होते. एका गुणासाठी सरळ बढती हुकली व वेम्बलीस जावे लागले. तेथे समोर चार्लटन हा चवथ्या क्रमांकाचा संघ होता. त्या दिवशीचा सामना पाहिलेले लोक अद्याप त्याची आठवण काढतात. निर्धारित वेळ व जादा वेळ मिळून चार-चार गोल झाले. चार्लटनच्या चारांपैकी तीन गोल क्लाइव्ह मेंडोंका ह्या खेळाडूने केले. आणि हा गृहस्थ बालपणी संडरलंडचाच चाहता! पुढे पेनल्टीवर निकाल लावण्याची वेळ आली. दोन्ही बाजूंचे मिळून लागोपाठ तेरा फटके जाळ्यात गेले. चौदावा फटका संडरलंडच्या मायकेल ग्रे ह्याने मारला, तो गोलरक्षक इलिच ह्याने अडविला. हा ग्रेही त्याच गावचा मुलगा. ९० गुण मिळवूनही संडरलंड खालच्या इयत्तेत राहिला. त्या रात्री ज्यांनी ही पद्धत अन्यायाची म्हटली असेल त्यांस दोष देववत नाही. पुढील वर्षी त्याच संघाने १०५ गुण मिळवून पहिला क्रमांक पटकाविला व कोणाच्या मेहरबानीची गरज ठेविली नाही.

मधल्या काळाचा विस्तार करीत नाही. २०१७ व २०१८ अशा लागोपाठच्या दोन वर्षी संडरलंड दोन पायऱ्या खाली घसरला. तिसऱ्या वर्गात तो चार हंगाम होता, तरी मैदानावर लोक मोठ्या संख्येने येत राहिले. २०१९ च्या अंतिम सामन्यात पुन्हा चार्लटननेच अगदी शेवटच्या क्षणी गोल करून त्यास हरविले. २०२२ साली वाय्कम्बचा दोन-शून्य असा पराभव करून तो चॅम्पियनशिपमध्ये परतला.

चाहत्यांच्या चर्चेत गणिताचा भाग केवढा असतो हे पाहावयाचे असल्यास २०२३ सालच्या ८ मे ह्या दिवसाकडे पाहावे. तो हंगामाचा शेवटला दिवस होता. सहाव्या जागेवर मिलवॉल ६८ गुणांवर होता. त्याच्या मागे संडरलंड, ब्लॅकबर्न व वेस्ट ब्रॉमविच हे तिन्ही ६६ गुणांवर. मिलवॉल घरच्या मैदानावर ब्लॅकबर्नशी खेळत होता. तो जिंकला असता तर बाकीच्यांचा हिशेबच आटोपला. मध्यंतरास मिलवॉल तीन-एक असा पुढे होता. इकडे संडरलंड प्रेस्टन येथे खेळत होता. तेथे गेलेल्या संडरलंडच्या चाहत्यांचा एक डोळा मैदानावर व एक कान लंडनकडे होता. उत्तरार्धात ब्लॅकबर्नने तीन गोल करून मिलवॉलला चार-तीन असे हरविले, आणि संडरलंडने प्रेस्टनवर तीन-शून्य असा विजय मिळविला. आता मुलांनो, पाटी घ्या. मिलवॉल ६८ वरच राहिला. संडरलंड व ब्लॅकबर्न दोघेही ६९ झाले. मग केलेल्या गोलांतून झालेले गोल वजा करावयाचे. संडरलंडने ६८ केले व त्याच्यावर ५५ झाले, म्हणून बाकी अधिक १३. ब्लॅकबर्नने ५२ केले व ५४ झाले, म्हणून बाकी उणे २. सहावी जागा संडरलंडला मिळाली. ऋण संख्या व्यवहारात कोठे उपयोगी पडतात असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही हे उदाहरण देऊ.

येथे ब्लॅकबर्नविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तिचा संबंध आपल्या पुण्याशी आहे. २०१० सालच्या नोव्हेंबरात हा जुना क्लब पुण्याच्या कुक्कुटपालनाच्या धंद्यातील व्हेंकीज ह्या कंपनीने विकत घेतला. २०१२ साली संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या सुमारास मालकांवर रुष्ट झालेल्या चाहत्यांनी निदर्शने केली; आणि शेवटच्या काही सामन्यांपैकी एकात तर क्लबाचे निशाण पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानावर फिरताना दिसली! मालकाने पैसा घातला म्हणजे क्लब त्याचा होतो, की पिढ्यान्‌पिढ्या पावसात उभे राहून सामने पाहणाऱ्यांचा? कायद्याचे उत्तर सोपे आहे. चाहत्यांस ते कधीच पटत नाही.

आता संघनिवडीच्या प्रश्नाकडे वळू. घरी बसून अकरा नावे निवडणे ह्यासारखा स्वस्त आनंद नाही. संघ वर चढण्यापूर्वीच वरच्या वर्गात कोणास घ्यावे व कोणास काढावे ह्यावर दोन मित्र हातघाईवर येतात, तेव्हा 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही आपली म्हण आठवते. तरीसुद्धा सर्वच चर्चा पोकळ असते असे नाही. २०२३ च्या त्याच उपांत्य फेरीत संडरलंडची गाठ ल्यूटनशी पडली. संडरलंडच्या बचावफळीतील मधल्या जागांचे उंच खेळाडू, डॅन बॅलर्ड हा त्यांपैकी एक, दुखापतीने घरी बसले होते. त्या जागी इतर ठिकाणचे, उंचीने कमी असलेले खेळाडू उभे करणे भाग पडले. घरचा सामना संडरलंडने दोन-एक असा जिंकला. परंतु ल्यूटनच्या मैदानावर त्या धिप्पाड संघाने कॉर्नरच्या फटक्यांचा मारा चालविला, त्यांच्या दोन बचावपटूंनीच दोन गोल केले व संडरलंडचा प्रवास संपला. उंचीची ही उणीव आधीपासून ओळखणारे चाहते गावात थोडे नव्हते. पण ओळखून उपयोग काय? मॅनेजरजवळ जी माणसे धडधाकट होती त्यांतूनच त्यास निवड करावयाची होती. (ल्यूटन पुढे अंतिम सामनाही जिंकून प्रीमियर लीगमध्ये गेला. त्यांच्या एम्पान्झू नावाच्या खेळाडूने ह्याच क्लबासाठी पाचव्या पायरीपासून पहिल्या पायरीपर्यंतच्या सर्व वर्गांत खेळण्याचा मान मिळविला.)

२०२४ च्या उन्हाळ्यात रेजिस ल ब्रिस नावाचे फ्रेंच गृहस्थ संडरलंडचे मुख्य शिक्षक झाले. त्यांच्या हाती जो संघ आला तो त्या वर्गातील सर्वांत तरुण संघांपैकी एक होता. क्रिस रिग हा तर केवळ सतरा वर्षांचा, म्हणजे आमच्या मॅट्रिकच्या मुलांहून फार मोठा नव्हे. हंगामाअखेर लीड्स व बर्नली ह्या दोघांनी प्रत्येकी १०० गुण मिळविले व ते सरळ वर गेले. शेफील्ड युनायटेड ९० गुणांनी तिसरा. त्याने मैदानावर खरे तर ९२ मिळविले होते, परंतु दुसऱ्या क्लबांची देणी वेळेवर न दिल्याबद्दल त्याचे दोन गुण कापले गेले होते. संडरलंड ७६ गुणांनी चवथा आला. पुढे सरकता येत नव्हते व मागचा संघ गाठू शकत नव्हता, अशा स्थितीत त्याने शेवटचे पाचही सामने गमाविले.

ह्या पाच पराभवांवरून चाहत्यांत दोन तट पडणे साहजिक होते. एका पक्षाचे म्हणणे असे की मॅनेजरांनी दमलेल्या मुलांस विश्रांती दिली, दुखापतींतून उठणाऱ्यांस वेळ दिला, हे शहाणपणाचेच झाले. ज्या सामन्यांच्या निकालाने काहीच बदलत नाही त्यांत मुख्य गड्याचा पाय मोडून घेण्यात कसले शौर्य? दुसरा पक्ष म्हणे की जिंकण्याची सवय ही भांड्याच्या कल्हईसारखी असते, उडू लागली की भराभर उडते; पाच वेळा हरलेला संघ सहाव्या वेळी एकदम जिंकावयास कोठून लागणार? आमचे मत विचाराल तर पहिल्या पक्षाची बाजू सबळ होती, परंतु दुसऱ्या पक्षाची भीती अगदीच वावगी नव्हती. इतिहासात दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत, आणि वाद गोड होतो तो त्यामुळेच.

दुसरा वाद अधिक नाजूक होता. टॉमी वॉटसन हा एकोणीस वर्षांचा मुलगा त्याच परगण्यातील. क्लबाच्याच तालमीत वाढलेला. तो उन्हाळ्यात ब्रायटन क्लबाकडे जाणार हे हंगाम संपण्यापूर्वीच ठरून गेले होते. आता त्यास खेळवावे की नाही? ज्याचे बिऱ्हाड बांधून झाले आहे तो ह्या घरासाठी कितीसा झटणार, असे काहींस वाटले. आपल्या मातीतला मुलगा बढतीचा निकाल लागण्यापूर्वीच पैलतीरी दृष्टी लावून बसावा ह्याचा त्यांस रागही आला. उलटपक्षी, करार होईपर्यंत मुलगा क्लबाचा व अंगात गुण असेल तर त्यास बाकावर बसवून ठेवण्यात शिक्षा कोणास, असे म्हणणारेही होते. मॅनेजरांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी त्यास राखीव खेळाडूंत ठेविले, परंतु वगळले नाही.

उपांत्य फेरीत संडरलंडची गाठ पाचव्या क्रमांकाच्या कॉव्हेंट्रीशी पडली. ९ मे २०२५ रोजी कॉव्हेंट्रीच्या मैदानावर संडरलंडने दोन-एक अशी आघाडी मिळविली. चार दिवसांनी घरच्या सामन्यात कॉव्हेंट्रीने एक गोल करून बेरीज समान केली व जादा वेळ खेळवावा लागला. तीही सरत आली. लोक पेनल्टीच्या विचाराने हवालदिल झाले असता १२२ व्या मिनिटास कॉर्नरवरून चेंडू आला, आणि डॅन बॅलर्डने तो डोक्याने मारून गोल केला. दोन वर्षांपूर्वी ल्यूटनविरुद्ध ज्याची उणीव भासली तोच हा बॅलर्ड. उंच बचावपटूची किंमत काय, ह्या वादाचा निकाल त्या एका टोल्याने लागला असे संडरलंडकर मानतात.

२४ मे रोजी वेम्बलीवर ८२ हजारांहून अधिक लोक जमले. समोर शेफील्ड युनायटेड. प्रारंभीच संडरलंडचा ल्यूक ओ'नियन हा खांद्याच्या दुखापतीने बाहेर गेला. तिसऱ्या वर्गातील दिवसांपासून क्लबाबरोबर राहिलेल्या ह्या गड्यास त्या दिवशी काही मिनिटेच खेळावयास मिळावे, हे पाहून शत्रूसही वाईट वाटले असते. पंचविसाव्या मिनिटास शेफील्डने गोल केला. थोड्याच वेळाने त्यांनी दुसराही केला. परंतु चित्रफीत पुन्हा पाहून निर्णय देणाऱ्या पंचांच्या मदतीने तो ऑफसाइडच्या कारणावरून रद्द ठरला. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की त्या हंगामातील चॅम्पियनशिपच्या साखळी-सामन्यांत चित्रफितीची ही सोय नव्हती. ती अंतिम सामन्यास होती. तोच गोल साध्या सामन्यात कदाचित कायम राहिला असता. ७६ व्या मिनिटास वीस वर्षांच्या एलिएझर मायेंडाने बरोबरी साधली. नव्वद मिनिटे संपली. वाया गेलेला वेळ भरून काढण्यासाठी जी मिनिटे दिली जातात त्यांतील पाचवे मिनिट चालू असता, बदली म्हणून आलेल्या एका मुलाच्या पायाशी चेंडू आला. तो थोडा पुढे धावला व दुरूनच त्याने नेमका कोपरा साधला. संडरलंड दोन-एक असा जिंकला. हा मुलगा टॉमी वॉटसन.

त्याचा क्लबासाठीचा तो शेवटचा सामना होता. ज्यांनी त्यास वगळावे म्हटले होते त्यांनीही त्यास खांद्यावर घेण्यास मागेपुढे पाहिले नसते.

आता मूळ प्रश्नाकडे. शेफील्डने ९० गुण मिळविले, संडरलंडने ७६. अंतर चौदा गुणांचे. म्हणजे जवळजवळ पाच विजयांचे. वर गेला तो ७६ गुणांचा संघ. शेफील्डच्या चाहत्यांस ही पद्धत अन्यायाची वाटली, व प्ले-ऑफमधून त्या क्लबास त्यापूर्वी कधीच बढती मिळाली नव्हती हे पाहता त्यांचे दुःख कोणीही समजू शकेल. पण गंमत अशी की बरोबर ९० गुणांवरच १९९८ साली संडरलंड रडला होता! त्या वेळी तिसरा संघ हरला तो अन्याय, आणि २०२५ साली तिसरा संघ हरला तो पराक्रम, असे एकाच तोंडाने म्हणता येईल काय? संडरलंडमधील वयस्क चाहत्यांपैकी पुष्कळांनी दोन्ही दिवस पाहिले आहेत. त्यांना विचारले तर ते हसून सोडून देतील. आम्हांस वाटते की ह्या पद्धतीने योग्यतम संघच वर जातो असा दावा कोणी करूच नये. तिने साध्य होते ते निराळेच: मार्च महिन्यात दहाव्या क्रमांकावर असलेल्या संघाच्या गावी सुद्धा लोक पाटी-पेन्सिल घेऊन बेरजा करू लागतात. त्या बेरजांची किंमत शेफील्डसारखा एखादा संघ दर वर्षी भरतो. किंमत वाजवी की अवास्तव, हा वाद आमच्या वक्तृत्वसभेस विषय म्हणून चांगला आहे. पैजा लावणाऱ्यांविषयी मात्र आम्ही येथे काही बोलत नाही. त्यांचा खेळाशी संबंध नाही.

आणि किंमत केवढी म्हणाल, तर ह्या एका सामन्यातील विजय क्लबास पुढील काळात किमान २० कोटी पौंड मिळवून देईल असा हिशेबतज्ज्ञांचा अंदाज त्या वेळी प्रसिद्ध झाला होता. दूरचित्रवाणीच्या हक्कांचे उत्पन्न प्रीमियर लीगमधील संघांस फार मोठे मिळते, त्यामुळे हा आकडा फुगतो. परंतु पैसा आला की निवडीचा प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहतो. ज्या मुलांनी वर आणले त्यांच्यावरच पुढेही विश्वास टाकावा, की वरच्या वर्गाचा अभ्यास झेपेल असे नवे खेळाडू आणावेत? ल्यूटनने २०२३ साली बढती मिळविली, पण वर्षभरातच तो खाली आला व त्याच्या पुढल्या वर्षी आणखी एक पायरी उतरला. संडरलंडने दुसरा मार्ग पत्करून त्या उन्हाळ्यात पुष्कळ नवी माणसे घेतली. स्वित्झर्लंडचा अनुभवी ग्रानिट झाका त्यांपैकी एक. ज्या अँथनी पॅटरसनने वेम्बलीवर गोल राखला, त्याच्या जागी हॉलंडचा तरुण रोबिन रूफ्स आला. पॅटरसन हाही क्लबाच्याच तालमीतला, जवळच्या गावचा मुलगा. त्याचा काय अपराध, असे म्हणून हळहळणारे चाहते होते. आणि रूफ्सने पहिले काही चेंडू अडविताच टाळ्या पिटणारेही तेच होते.

१६ ऑगस्ट २०२५ रोजी आठ वर्षांनंतर स्टेडियम ऑफ लाइटवर प्रीमियर लीगचा पहिला सामना झाला. वेस्ट हॅमचा तीन-शून्य असा पराभव झाला. पहिला गोल मायेंडाने केला, दुसरा बॅलर्डने व तिसरा विल्सन इझिडोरने. तिघेही खालच्या इयत्तेतून संघाबरोबर वर आलेले. गोलात रूफ्स उभा होता, आणि पॅटरसन राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून सामना पाहत होता.